एकाकी दीर्घधाव आणि अपरिचितांचे साहाय्य

प्रस्तुत विवेचनाचा विषय दोन पदांनी बनला आहे : एकाकी दीर्घधाव, आणि त्या धावेत वाटेवरच्या अपरिचितांकडून होणारे साहाय्य. दोन्ही पदे व्यवहारात सैलपणे वापरली जातात. त्यामुळे प्रथम त्यांच्या मर्यादा निश्चित करणे आवश्यक आहे.

दीर्घधावेची व्याख्या केवळ अंतरावरून करता येत नाही. बेचाळीस किलोमीटर एकाला दीर्घ, दुसऱ्याला नित्याचे. म्हणून येथे कार्यमूलक व्याख्या स्वीकारली आहे : धावक स्वतःजवळ जेवढे अन्नपाणी बाळगू शकतो तेवढ्यावर जी धाव पुरी होत नाही, ती दीर्घधाव. ‘अपरिचित’ म्हणजे ज्याची धावकाशी पूर्वओळख नाही, ज्याच्याशी पुनर्भेटीची वाजवी अपेक्षा नाही, आणि साहाय्य करणे हे ज्याचे पद किंवा वेतनाचे काम नाही, अशी व्यक्ती. स्पर्धेत पाण्याचे टेबल लावून उभा असलेला स्वयंसेवक या व्याख्येत बसत नाही. तो तेथे धावकासाठीच उभा असतो. ‘साहाय्य’ या पदात मागून किंवा न मागता मिळालेली वस्तू, माहिती, श्रम, आश्रय आणि संरक्षण यांचा समावेश होतो, परंतु ज्याची किंमत आधी ठरली आहे ते त्यातून वगळावे लागते. टपरीवर विकत घेतलेला चहा साहाय्य नाही. त्याच टपरीवर चहावाल्याने पैसे परत सरकवले, तर तोच चहा साहाय्य ठरतो.

‘एकाकी’ हे पद सर्वांत अवघड. शब्दशः घेतल्यास एकाकी धाव अस्तित्वातच येऊ शकत नाही, कारण रस्ता दुसऱ्याने बांधलेला असतो आणि विहीर दुसऱ्याने खणलेली असते. लांब मार्गांवरील वेगवान धावांच्या नोंदी ठेवणाऱ्या मंडळींनी या अडचणीवर एक उपयुक्त विभागणी केली आहे. ‘फास्टेस्ट नोन टाइम’ या नावाने चालणाऱ्या नोंदींत तीन वर्ग असतात. पहिल्या, ‘सपोर्टेड’ वर्गात धावकाबरोबर त्याची माणसे असतात. दुसऱ्या, ‘सेल्फ-सपोर्टेड’ वर्गात तो दुकानातून विकत घेऊ शकतो, आधी लपवून ठेवलेली शिदोरी उचलू शकतो, मात्र आधी ठरवलेली माणसे त्याच्या मदतीला येऊ शकत नाहीत. तिसऱ्या, ‘अनसपोर्टेड’ वर्गात नैसर्गिक स्रोतातले पाणी सोडले तर सर्व काही आरंभापासून पाठीवर असावे लागते. प्रस्तुत विवेचनाला मधला वर्ग महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात निर्णायक कसोटी साहाय्याच्या अभावाची नसून पूर्वयोजनेच्या अभावाची आहे. या कसोटीने १९८० साली एका कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडू निघालेला टेरी फॉक्स एकाकी ठरत नाही. त्याच्या मागेपुढे मित्राने चालवलेली व्हॅन होती. वेल्समधील टेन्बी गावातून २ ऑक्टोबर २००३ रोजी, सत्तावन्नाव्या वाढदिवशी, पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेली रोझी स्वेल-पोप मात्र एकाकी ठरते, कारण सामानाची गाडी ती स्वतः ओढत असे आणि वाटेत तिची वाट पाहणारे कोणी नेमलेले नव्हते. सुमारे ३२,००० किलोमीटर अंतर तोडून ती २५ ऑगस्ट २००८ रोजी त्याच गावी परतली.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो. एकाकीपण हा धावकाच्या योजनेचा गुण आहे, धावेतील घटनांचा नाही. ज्याच्या योजनेत कोणीही नाही त्याच्या वाटेवर कितीही माणसे येऊ शकतात.

आता गरजेचा विचार. अपरिचिताची भेट घडते ती बहुधा शरीराच्या हिशोबामुळे. समतल रस्त्यावर धावण्याचा ऊर्जाव्यय ढोबळमानाने दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे, एक किलोकॅलरी पडतो. साठ किलोच्या धावकाला तीस किलोमीटरसाठी अठराशे किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत यांत साठवलेल्या ग्लायकोजेनची शिल्लक सामान्यतः दोन हजारांच्या आसपास असते. चरबीचा साठा याहून कितीतरी मोठा असतो, पण तो संथपणे उपलब्ध होतो. म्हणून तीस-पस्तीस किलोमीटरनंतर धावकाला बाहेरून अन्न लागतेच. पाण्याचे गणित याहून कठोर आहे. उष्ण हवेत तासाला एक लिटर घाम जाणे असामान्य नाही आणि काहींचा दीड-दोन लिटरपर्यंत जातो. पाठीवरच्या पिशवीत दोन लिटरांहून अधिक पाणी घेतले तर त्या वजनाचाच भार होतो. दोन-अडीच तासांत पाणी संपते. ज्या प्रदेशात पुढचा नळ तीन तासांवर आहे तेथे धावक कोणाच्या तरी दारात उभा राहणार, हे धाव सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते. कोणाच्या दारात, एवढेच अनिश्चित राहते.

विषयवस्तूनुसार साहाय्याचे पाच प्रकार करता येतात : पोषण, मार्गदर्शन, आश्रय, संरक्षण आणि साक्ष. पहिल्या तिन्हींचे स्वरूप स्पष्ट आहे. मार्गदर्शनाबाबत एक टीप पुरे. वाहनाने फिरणारा माणूस अंतर वेळेत सांगतो, आणि ‘हे काय, पाच मिनिटांवर’ या उत्तराचा धावकासाठी अर्थ पाच मिनिटे असा नसतो. संरक्षणात कुत्र्यांचा विषय येतो. भारतीय रस्त्यावर धावकाला सर्वाधिक वेळा लागणारे संरक्षण हेच आहे, आणि ते देणाऱ्याला काठी उचलून एक हाक मारण्यापलीकडे काही करावे लागत नाही. साक्ष हा प्रकार क्वचितच लक्षात घेतला जातो, म्हणून त्याचा थोडा विस्तार करतो. मोठ्या अंतराचा दावा सिद्ध करण्यासाठी धावकाला वाटेवरच्या माणसांच्या सह्या, तारखा, ठिकाणे जमवावी लागतात. रॉबर्ट गार्साइड १९९७ साली दिल्लीहून जगाच्या धावेला निघाला आणि २००३ साली दिल्लीतच थांबला. त्याच्या दाव्याविषयी वाद झाला आणि गिनीजची मान्यता त्याला २००७ साली मिळाली. मधल्या काळात तपासली गेली ती कागदपत्रे आणि इतरांच्या साक्षी. योजनेने जो एकटा आहे त्याच्या एकटेपणाचा पुरावा दुसऱ्यांकडेच असतो, ही या प्रकारातली लक्षणीय गोष्ट. पानावर सही करणाऱ्या दुकानदाराला आपण काय दिले हे बहुधा ठाऊक नसते.

तथापि विषयवस्तूनुसार केलेले वर्गीकरण साहाय्याच्या स्वभावापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी दुसरे, अधिक मूलभूत वर्गीकरण आवश्यक आहे : साहाय्याचा धावकाच्या साध्याशी असलेला संबंध. या दृष्टीने साहाय्य तीन प्रकारचे होते. एक, साध्यानुकूल : पाणी, भाकरी, वाट दाखवणे. दोन, साध्यनिरपेक्ष : गप्पा, नमस्कार, फोटो. तीन, साध्यविरोधी. तिसऱ्या प्रकारात धावकाला दिली जाणारी सर्वांत उदार गोष्ट येते, म्हणजे वाहनातली जागा.

रस्त्यावर घामाने निथळणारा, लंगडत चाललेला माणूस दिसला की वाहनवाल्याला स्वाभाविकपणे एकच गोष्ट सुचते. ‘बसा की, फाट्यापर्यंत सोडतो.’ चालत्या माणसाला वाहन देणे हा ग्रामीण रस्त्यावरचा जुना आणि सभ्य रिवाज आहे. तो न पाळणारा माणूस तुसडा समजला जातो. धावकाला मात्र हे निमंत्रण नाकारावेच लागते. स्वीकारले तर त्या क्षणी त्याची धाव संपते. येथे एक विलक्षण परिस्थिती निर्माण होते : साहाय्य करणारा जितका अधिक देऊ करतो, तितके ते धावकाच्या उपयोगाचे कमी होत जाते. पाण्याचा पेला उपयोगी. सावलीतली बाज उपयोगी, पण धोक्याची. गाडीतली जागा विनाशक. साहाय्याचे परिमाण आणि त्याची उपयुक्तता यांचा असा व्यस्त संबंध भुकेलेल्याच्या, आजाऱ्याच्या किंवा निर्वासिताच्या बाबतीत आढळत नाही.

या प्रकाराचे अभिजात उदाहरण एकाकी धावेतले नसून ऑलिंपिकमधले आहे, तरी तत्त्व तेच असल्याने ते येथे ग्राह्य धरतो. २४ जुलै १९०८ रोजी लंडनच्या मॅरेथॉनमध्ये इटलीचा दोरान्दो पिएत्री सर्वांच्या पुढे स्टेडियममध्ये शिरला. त्याचे भान सुटले होते. तो उलट्या दिशेने वळला आणि शेवटच्या काही शे मीटरांत अनेकदा कोसळला. पंचांनी त्याला उचलून उभे केले आणि शेवटी अंतिम रेषेपलीकडे जायला हात दिला. अमेरिकन संघाने हरकत घेतली, पिएत्री बाद ठरला आणि सुवर्णपदक जॉनी हेजला मिळाले. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने पिएत्रीला एक चषक भेट दिला. या प्रसंगात दोन उपकार आहेत, आणि दुसऱ्याची गरज पहिल्यामुळे निर्माण झाली. पंचांच्या हेतूला दोष देता येणार नाही. समोर मरणोन्मुख वाटणारा माणूस पाहून नियमपुस्तक उघडणारा पंच कोणालाही नको असतो. त्यांनी शरीर वाचवले आणि धाव नष्ट केली, एवढेच येथे नमूद करायचे.

यातून दया आणि आतिथ्य यांमधला भेद निष्पन्न होतो आणि प्रस्तुत विवेचनाचा मुख्य सिद्धान्त या भेदावर उभा आहे. दयेचे लक्ष्य क्लेशाचा अंत हे असते. दयाळू माणूस समोरच्याच्या क्लेशाकडे पाहतो आणि तो थांबावा अशी कृती करतो. आतिथ्याचे लक्ष्य निराळे. यजमान पाहुण्याचे गंतव्य गृहीत धरतो, त्याविषयी मतप्रदर्शन करीत नाही, आणि पुढच्या टप्प्यासाठी त्याला समर्थ करून निरोप देतो. पाहुण्याचे कष्ट संपवणे यजमानाच्या कक्षेत येत नाही. दीर्घधावकाला दयेचा उपयोग जवळजवळ नाही, कारण त्याचा क्लेश स्वेच्छेचा आहे आणि तो संपवणे म्हणजे त्याचे कार्य संपवणे. त्याला हवे असते आतिथ्य. वाटेवर त्याला ज्या कृती उपयोगी पडतात त्या एकेक तपासून पाहिल्या, तर त्या सर्व आतिथ्याच्या ठरतात. अनोळखी माणसाचा पहिला उद्गार बहुधा दयेचा असतो, ‘कशाला जिवाला त्रास?’ आणि पाण्याचा तांब्या हाती येतो तो त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय. देणाऱ्याला धावेचे प्रयोजन पटलेले नसते. न पटलेल्या प्रयोजनाला पाणी देणे, ही या साहाय्याची विशेष अवघड बाजू आहे.

प्रश्न असा की हे साहाय्य का घडते? मनुष्यस्वभाव मुळात चांगला असतो, हे उत्तर शास्त्रीय नव्हे. तोच मनुष्यस्वभाव शहरातल्या पदपथावर कोसळलेल्या माणसाला ओलांडून जातो. कारणे परिस्थितीत शोधली पाहिजेत. त्यांपैकी चार प्रमुख दिसतात.

पहिले कारण जबाबदारीचे अविभाजन. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दुसऱ्या खोलीतील व्यक्तीला झटका आल्याचा आवाज ऐकणाऱ्यांपैकी, आपण एकटेच ऐकत आहोत असे समजणाऱ्या ८५ टक्के व्यक्ती मदतीला उठल्या. आणखी चौघे ऐकत आहेत अशी समजूत असताना हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. निर्मनुष्य रस्त्यावर धावकाला भेटणारा माणूस नेहमी पहिल्या गटात असतो. ‘दुसरे कोणी पाहील’ असे म्हणायला दुसरे कोणी नसते. पुणे-मुंबईच्या उपनगरात धावणाऱ्याला पाणी विचारत कोणी थांबत नाही आणि घाटमाथ्यावरच्या वस्तीत थांबतात. हा भेद स्वभावाचा कमी आणि संख्येचा अधिक आहे. ग्रामीण माणूस थोर आणि शहरी माणूस निष्ठुर, हा आपल्याकडचा लाडका समज यामुळे बराचसा अनावश्यक ठरतो.

दुसरे कारण वेळ. डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत व्याख्यान द्यायला पाठवले गेले. वाटेत एक माणूस दारात कण्हत पडलेला होता. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, मध्यम घाईतले ४५, आणि उशीर झाला असे सांगितलेल्यांपैकी केवळ १० टक्के. काहींच्या व्याख्यानाचा विषय वाटेवरच्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या शोमरोनी प्रवाशाची बायबलमधली कथा हाच होता. त्याने निर्णायक फरक पडला नाही. या निष्कर्षाचा आपल्या विषयाशी संबंध थेट आहे. दीर्घधावेच्या रस्त्यावर घाई फक्त धावकाला असते. पारावर बसलेला, गुरे राखणारा, पंक्चर काढणारा, एसटीची वाट पाहणारा माणूस घाईत नसतो. साहाय्याला लागणारी सर्वांत दुर्मीळ सामग्री, म्हणजे मोकळा वेळ, नेमकी त्याच्याजवळ असते.

तिसरे कारण अल्पव्यय आणि निश्चित अंत. पाण्याचा तांब्या देणाऱ्याला ठाऊक असते की हा माणूस दहा मिनिटांत निघून जाणार आहे. येथे राहू द्या, काम द्या, पुन्हा येऊ का, असे काही तो म्हणणार नाही. ज्या साहाय्याचा शेवट दिसतो ते करणे सोपे. हे उदारपणाला गौण लेखण्यासाठी सांगत नाही. शेजाऱ्याशी वर्षानुवर्षे अबोला धरणारा माणूस अनोळखी धावकाला आग्रहाने जेवू घालतो, याचा उलगडा एरवी होत नाही.

चौथे कारण गरजेची वाचनीयता, आणि याचा विचार विस्ताराने करावा लागेल. साहाय्य करण्यासाठी समोरच्याला काय हवे आहे हे कळावे लागते. धावकाच्या शरीराची गरज वाचनीय असते : सुकलेले ओठ, मिठाचे पांढरे डाग पडलेला सदरा, पोटरीत गोळे आल्यामुळे अडखळणारी चाल. त्याचे प्रयोजन मात्र अवाचनीय असते. महाराष्ट्रात पायी चालणाऱ्याला तयार वर्ग उपलब्ध आहेत. आळंदी-देहूहून पंढरीला निघालेला वारकरी कोणाला कोडे वाटत नाही. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्याची गोष्ट तर त्याहून स्पष्ट आहे. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर. पात्र न ओलांडता, नदी उजव्या हाताला ठेवून दोन्ही तीरांनी चालायचे म्हणजे अंतर साधारण दुप्पट. या मार्गावर परिक्रमावासीला सदावर्त देण्याची, म्हणजे शिधा पुरवण्याची, रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ‘नर्मदे हर’ एवढा उच्चार त्याची ओळख, प्रयोजन आणि अपेक्षा तिन्ही सांगून जातो. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मुळे आणि जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’मुळे ही व्यवस्था मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. तेथे अपरिचिताचे साहाय्य संस्थारूप झालेले आहे.

धावकाला असा वर्ग नाही. महाराष्ट्राच्या खेड्यात पहाटे डांबरी रस्त्याने धावणारा तरुण दिसला तर तो भरतीची तयारी करतो असे गृहीत धरले जाते. पोलीस भरतीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते हे गावातल्या पोराटोरांनाही पाठ असते. परंतु भरतीचा मुलगा गावातला असतो, सकाळी आठच्या आत घरी परततो आणि पंचेचाळीस वर्षांचा नसतो. दुपारी दोन वाजता, पाठीला पिशवी लावून, परगावचा प्रौढ माणूस धावत येतो तेव्हा उपलब्ध वर्ग संपतात. मग प्रश्नांची ठरावीक माळ सुरू होते : कुठून आलात, कुठवर जाणार, पैज आहे का, नवस आहे का, कोण पैसे देते? प्रश्नकर्ता येथे चौकशी करीत नाही, तो धावकाला बसवण्यासाठी एक खण शोधत असतो. नवस हे उत्तर सर्वांत चटकन पटते. ‘आवड म्हणून’ हे सत्य उत्तर सर्वांत कमी पटते. पण बहुधा पाणी दोन्ही उत्तरांवर मिळते, हे वर आलेच आहे.

प्रयोजन जाहीर केले की वाचनीयता वाढते. टेरी फॉक्सच्या धावेचा इतिहास हेच दाखवतो. १२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्सहून तो निघाला तेव्हा प्रतिसाद अगदी तुरळक होता. न्यूफाउंडलंडच्या दुसऱ्या टोकाला पोर्ट ओ बास्क या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावाने दहा हजार डॉलर जमवून दिले. कर्करोग संशोधनासाठी माणशी एक डॉलर हे त्याचे मागणे पुढे देशभर समजले, आणि मग रस्त्याच्या कडेला गर्दी उभी राहू लागली. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर १ सप्टेंबरला थंडर बे जवळ कर्करोगानेच त्याला थांबवले. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रयोजनाला मिळणारे दान आणि धावकाला मिळणारे आतिथ्य एकच नव्हे. पहिल्यात धावक माध्यम असतो, दुसऱ्यात तोच विषय असतो. रोझी स्वेल-पोपच्या बाबतीत दोन्ही एकत्र होते : नवऱ्याच्या प्रोस्टेट कर्करोगाने झालेल्या मृत्यूनंतर ती वेळीच तपासणी करून घ्या असे सांगत निघाली होती, पण सैबेरियाच्या थंडीत ऊब देणारी माणसे त्या आवाहनामुळे दार उघडत होती असे मानायला आधार नाही.

येथवरच्या विवेचनावरून हे साहाय्य सार्वत्रिक आहे असा ग्रह होईल. तसे नाही. वाचनीयतेचे तत्त्व दोन्ही बाजूंनी चालते. ज्या शरीरात एकाला गरज दिसते त्याच शरीरात दुसऱ्याला धोका दिसतो. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात २३ फेब्रुवारी २०२० रोजी एका वस्तीतून धावणाऱ्या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला चोर समजून तीन गोऱ्या पुरुषांनी वाहनांतून पाठलाग केला आणि गोळ्या घालून ठार केले. पुढे तिघेही दोषी ठरले. त्याची धाव लांबची नव्हती आणि तो आपल्या घरापासून फार दूरही नव्हता. स्त्रीधावकाला साहाय्याचा प्रत्येक प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी तपासावा लागतो. ‘घरात येऊन बसा’ या वाक्याचा अर्थ तिच्यासाठी आणि पुरुषासाठी एक नसतो, आणि म्हणून ती अंगणात बाई दिसते का हे आधी पाहते. अपरिचितांच्या चांगुलपणाची वर्णने बव्हंशी ज्यांना तो सहज मिळतो अशांनी लिहिलेली आहेत, हे त्यांचे वाचन करताना ध्यानात असावे.

एकाच माणसाविषयी दोन वाचने किती लागोपाठ घडू शकतात याचे उदाहरण माउरो प्रोस्पेरी या इटालियन पोलिसाचे. १९९४ साली मोरोक्कोतील ‘मॅराथॉन दे साब्ल’ या वाळवंटी शर्यतीत वादळात तो वाट चुकला आणि नऊ-दहा दिवस भटकत सीमा ओलांडून अल्जीरियात पोहोचला. वजन सुमारे अठरा किलोंनी घटलेले. शेळ्या राखणारी एक मुलगी त्याला प्रथम दिसली. तिच्या तंबूतल्या स्त्रियांनी त्याला सावलीत निजवले आणि शेळीचे दूध पाजले. तेथून तो सुरक्षा दलाच्या ताब्यात गेला, आणि त्यांनी ओळख पटेपर्यंत त्याला संशयिताची वागणूक दिली. तंबूला माणूस दिसला, चौकीला घुसखोर. चौकीचे वाचन मूर्खपणाचे म्हणता येणार नाही, सीमेवर तसे वाचणे हेच तिचे काम. येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. प्रोस्पेरीची धाव तेव्हा संपलेली होती, त्याला जीव वाचवायचा होता, आणि म्हणून येथे दया पूर्णतः योग्य होती. दया आणि आतिथ्य यांतले कोणते लागू, हे धावकाला अजून साध्य उरले आहे की नाही यावर ठरते. रस्त्यावर धडक बसलेल्या धावकाला कोणी पुढच्या टप्प्यासाठी शुभेच्छा देऊ नयेत. त्याला रुग्णालयात न्यावे. भारतात या कामाला पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीती आड येत असे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मान्य केलेली मार्गदर्शक तत्त्वे आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३४-अ यांनी मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. या तरतुदीची माहिती सदावर्ताइतकी पसरलेली नाही.

सदोष साहाय्याचा उल्लेख थोडक्यात करून पुढे जाऊ. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावकांच्या रक्ततपासणीत १३ टक्क्यांचे सोडियम धोक्याच्या पातळीखाली आढळले, आणि अतिरिक्त द्रव पिणे हे त्याचे प्रमुख कारण दिसले. आग्रह हा आपल्याकडे आतिथ्याचा अलंकार असल्याने धावकाने तिसरा तांब्या नाकारण्याचे आणि चिमूटभर मीठ मागण्याचे धैर्य बाळगावे. मीठ मागितलेले कोणाला विचित्र वाटत नाही.

राहिला परतफेडीचा प्रश्न. मार्सेल मोस याने १९२५ च्या आपल्या दानविषयक निबंधात असे प्रतिपादन केले की देणे, घेणे आणि परत देणे ही तीन बंधने मिळून दानाचे चक्र बनते. परतीच्या बंधनातून मोकळे असे शुद्ध दान समाजात आढळत नाही. धावकाच्या बाबतीत तिसरे बंधन पाळणे अशक्य असते, कारण व्याख्येनेच पुनर्भेट नाही. येथे गीतेच्या सतराव्या अध्यायातील दानाचे त्रिविध वर्गीकरण अधिक समर्पक ठरते. तेथे सात्त्विक दानाच्या लक्षणांत परत उपकार करू न शकणारा ग्राहक हे एक लक्षण सांगितले आहे, आणि योग्य देश, काळ व पात्र यांची जोड त्याला दिली आहे. मोसच्या दृष्टीने जी उणीव, ती येथे लक्षण ठरते. धावक तंतोतंत अनुपकारी असतो. तो त्या गावचा मतदार नाही, गिऱ्हाईक नाही, सोयरा होण्याची शक्यता नाही. मात्र तो ‘पात्र’ आहे का, हा प्रश्न उरतो. गरिबाच्या घरचे अर्धे दूध, हजारो रुपयांचे बूट घालून छंदासाठी धावणाऱ्या माणसाने प्यावे का? देणाऱ्याच्या बाजूने दान निर्दोष असूनही घेणाऱ्याच्या बाजूने ते सदोष असू शकते. पैसे पुढे करणे हा उपाय बहुधा फसतो, कारण त्याने साहाय्याचे रूपांतर विक्रीत होते आणि देणारा दुखावतो. लहान मुलाच्या हाती खाऊसाठी ठेवलेली नोट हा या कोंडीतून काढलेला देशी मार्ग आहे; त्यात दोन्ही पक्ष ती परतफेड नसल्याचा बहाणा निभावतात, आणि बहाणा दोघांनाही ठाऊक असतो.

या प्रश्नातून धावकाचे एक कर्तव्य निघते आणि ते आरंभी केलेल्या व्याख्येला जाऊन मिळते. एकाकीपण योजनेत असते असे म्हटले. आता समजा, धावकाने निघतानाच हिशोब केला की दर दहा किलोमीटरला वस्ती आहे, लोक पाणी देतातच, तेव्हा एकच बाटली पुरे. अशा वेळी अपरिचित माणसे त्याच्या योजनेत शिरली. त्यांना न विचारता त्याने त्यांना आपल्या पथकात भरती केले, आणि तो नावापुरताच एकाकी राहिला. परिक्रमावासी असाच भरवसा ठेवतो, परंतु तेथे तीरावरच्या गावांनी ती व्यवस्था स्वतः उभारली आहे. धावकासाठी कोणी ती उभारलेली नाही. म्हणून त्याने पाणी आणि अन्न यांची तरतूद अशी करावी की एकही दार उघडले नाही तरी पुढचा नळ किंवा दुकान गाठता येईल. उघडलेले दार त्याहून अधिकचे असावे. माण-खटावच्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये ज्या गावाला टँकरने पाणी येते तेथे हा नियम आणखी कडक होतो. त्या गावात तांब्याला नकार क्वचितच मिळतो. तेथून जाणाऱ्याने त्या दिवशी तीन बाटल्या घ्याव्यात, वजन सोसावे, आणि वेग कमी ठेवावा.